परसातल्या घराचं दार कुणाकडे उघडतं?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरमालकांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडे आमच्या परसातल्या घराचे नकाशे मागितले. सॅन होजेत आम्ही ७४० चौरस फुटांचा एडीयू, म्हणजे मूळ घराच्या आवारातलं दुसरं छोटं घर, बांधला, परमिट विनातक्रार मिळालं, घर देखणं झालं, म्हणून तुम्ही मागितले आणि मीही हौसेने पाठवत राहिले. त्यावरून फ्रीमॉन्टमध्ये एक आणि सनीवेलमध्ये एक घर उभं राहिल्याचं मला माहीत आहे. आज कळकळीने सांगते, ते नकाशे वापरू नका. ते का वापरू नयेत हे त्या वेळीच सांगायला हवं होतं. तेव्हा मलाच कळलेलं नव्हतं.

आमच्या घराच्या भिंती सरळ आहेत आणि छप्पर गळत नाही. घर आम्ही आई-अण्णांसाठी म्हणून बांधलं. आखताना मात्र डोळ्यांपुढे होता पुढेमागे येणारा भाडेकरू, आणि त्याच्याही पुढे कधीतरी सगळं विकत घेणारा कुणी अनोळखी माणूस. आई-अण्णा त्या नकाशात शोधून सापडत नाहीत.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या गावभागात शिरलं, तेव्हा ते दोघं माडीवर अडकले होते. दोन दिवस फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर निघाले आणि मिरजेला मावशीकडे पोचले. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पुढे कोविड आला, जाणं-येणं बंद झालं. २०२१च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या आठवड्यात नवऱ्याने आणि मी ठरवलं, आता त्यांना इथे आणायचं, आणि आपल्या दिवाणखान्यातल्या सोफा-कम-बेडवर नाही, त्यांच्या स्वतःच्या घरात. हेतू इतका स्वच्छ होता की पुढचं सगळं आपोआप बरोबरच होईल, असं आम्ही धरून चाललो.

शिवाय कायदाही आमच्या बाजूने होता. आपल्यातले जे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे आले, त्यांना आठवत असेल, परसात दुसरं घर बांधायचं म्हणजे तेव्हा दिव्य होतं. 'सेकंड युनिट'चा कायदा राज्याने १९८२ मध्येच केला होता, पण शहरांनी त्याला इतक्या अटी जोडल्या होत्या की फारसं कुणी त्या वाटेला जात नसे. प्लॉट एवढा मोठाच हवा, पार्किंगची जागा वाढवा, असलं बरंच काही. चित्र पालटलं ते १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या कायद्यांनी आणि मग १ जानेवारी २०२० पासूनच्या सुधारणांनी. आता अर्ज पूर्ण असेल तर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. सुनावणी नाही, शेजाऱ्यांची संमती नाही. बाजूच्या आणि मागच्या हद्दीपासून चार फूट सोडून ८०० चौरस फुटांपर्यंतचं, १६ फूट उंचीचं सुटं घर नियमात बसत असेल, तर शहराला ते अडवता येत नाही. गॅरेजचं घर केलं तर गेलेल्या पार्किंगच्या बदल्यात नवी जागा मागता येत नाही. एचओएला, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला, सरसकट बंदी घालता येत नाही. आणि १९७८ च्या 'प्रॉप १३' या मालमत्ता कराच्या कायद्यामुळे जुन्या घराचं करासाठीचं मूल्यांकन जसंच्या तसं राहतं, नव्या बांधकामाची किंमत तेवढी त्यात वाढते.

आणखी एक सवलत आहे. ७५० चौरस फुटांच्या आतल्या एडीयूला इम्पॅक्ट फी, म्हणजे नव्या बांधकामाचा शहराच्या सोयींवर पडणाऱ्या भाराचं शुल्क, लागत नाही. आमचा ७४० हा आकडा तिथून आला. आई-अण्णांना किती जागा लागेल, हा हिशेब त्यामागे नव्हता. फी वाचवून जास्तीत जास्त किती बांधता येईल, एवढाच होता.

पहिल्याच भेटीत डिझायनरने विचारलं, इथे कोण राहणार? आम्ही म्हटलं, आई-वडील. त्याने विचारलं, आणि त्यानंतर? तो 'त्यानंतर' आमच्या मनात असा जाऊन बसला की पुढचा एकेक निर्णय त्यानेच घेतला. भाडं चांगलं यावं म्हणून एकाऐवजी दोन बेडरूम. दोन बेडरूम बसवायच्या म्हणून बाथरूम अरुंद. विकताना टब असलेला बरा, म्हणून त्या अरुंद बाथरूममध्ये टब. भाडेकरूचा आणि आपला रोज आमनेसामने संबंध नको, म्हणून दार मागच्या कुंपणाकडे. आणि आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवळ दिसत राहावी, म्हणून घर परसाच्या अगदी टोकाला.

या शेवटच्या निर्णयाबद्दल जरा सविस्तर लिहिते. त्याची किंमत नकाशावर दिसत नाही. सांडपाण्याच्या नळाला फुटामागे पाव इंच उतार लागतो. नवं घर जितकं मागे, तितका नळ लांब आणि तितका उतार जास्त. आमच्याकडे सत्तर फुटांचा नळ, म्हणजे जवळजवळ दीड फुटाचा उतार. मूळ घराचा सांडपाण्याचा नळ जमिनीत फार खोल नव्हता. म्हणून दोनच मार्ग होते : मैला उपसणारा पंप बसवायचा, नाहीतर नव्या घराचं जोतं उचलायचं. पंप महाग, तो बिघडण्याची भीती वेगळी. आम्ही जोतं उचललं आणि दाराशी दोन पायऱ्या आल्या. हेच घर मूळ घराजवळ घेतलं असतं, तर नळ वीस-पंचवीस फुटांत संपला असता आणि जोतं जमिनीसरशी ठेवता आलं असतं. हिरवळ वाचवायला आम्ही पायऱ्या विकत घेतल्या, त्याही ऐंशी ओलांडलेल्या माणसासाठी.

२०२३च्या एप्रिलमध्ये ते दोघं आले. पहिल्या संध्याकाळी अण्णा दाराशी थांबले. काठी डाव्या हातात, उजवा हात भिंतीवर कठडा शोधत होता. कठडा नव्हता. इतक्या कमी पायऱ्यांना कठड्याची सक्ती नाही आणि नसला की दर्शनी बाजू स्वच्छ दिसते, असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते आम्ही ऐकलं होतं. अण्णा काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले. पण त्या दिवसापासून ते एकटे बाहेर पडेनात. आईने एकदा विचारलं तर म्हणाले, "कशाला उगाच तिला कामावरून उठवायचं?"

टबची कड त्यांच्या गुडघ्याला लागायची. आयुष्यभर मोरीत पाटावर बसून बादलीतल्या पाण्याने अंघोळ केलेला माणूस तो, एका पायावर तोल सांभाळत टबात उतरणार कसा? चार-पाच दिवस त्यांनी नुसतं अंग पुसून काढलं आणि ते आम्हाला सांगितलंही नाही. मला ते टॉवेलवरून कळलं.

स्वयंपाकघर नावाला होतं. इंडक्शनच्या दोन शेगड्या, वर धूर गाळून पुन्हा खोलीतच सोडणारा पंखा. आईने पहिली फोडणी केली आणि धुराचा भोंगा असा वाजला की अण्णा दचकून उठले. भाकरी तव्यावर शेकली जायची, पण फुगवायला जाळ नाही. गोल बुडाची कढई तापेना. आठवड्याभरात आईने तिथला नाद सोडला. सकाळी आम्ही कामाला गेलो की ती आमच्या स्वयंपाकघरात यायची, रांधायची, अण्णांचं ताट झाकून हिरवळीवरून घेऊन जायची. पायऱ्या चढताना दोन्ही हातांत ताट असायचं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते एका सुट्टीच्या दिवशी, म्हणजे दोन महिने उलटून गेल्यावर.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. खरं दुखणं दाराचं होतं. सांगलीच्या घराला ओटा आहे. आई सकाळी तिथे भाजी निवडत बसते. दूधवाला, शाळेची पोरं, देवळात निघालेल्या बायका, कुणी ना कुणी थांबतं, चहा झाला का विचारतं, नाहीतर नुसतं हात करून पुढे जातं. इथे तिचं दार सहा फुटी लाकडी कुंपणाकडे उघडत होतं. दार उघडलं की चार फुटांवर फळ्या. जुलैच्या शेवटी एकदा मी तिला विचारलं, करमतं ना? ती म्हणाली, "घर छान बांधलंस गं. पण याचं दार कुणाकडे उघडत नाही."

मुक्काम सहा महिन्यांचा होता. गणपतीचं निमित्त काढून त्यांनी तिकीट अलीकडे ओढलं आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते परत गेले. विमानतळावरून घरी आल्यावर मी त्या घरात जाऊन बसले. लाखो डॉलर घालून बांधलेलं घर, आणि त्यात ऐकू येत होता फक्त फ्रिजचा आवाज.

मग त्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा परमिट काढलं आणि सारं उकललं. या वेळी आधी सांगलीला फोन केला. आई म्हणाली, "कागद मला कळत नाही. जमिनीवर फक्की मारून दाखवा." घर बांधायच्या आधी गवंडी जागेवर पांढऱ्या रेघा आखतो, तसं. इथे चुन्याची फक्की मिळेना, तेव्हा खेळाच्या मैदानावर टाकतात ती पांढरी पूड आणून नवऱ्याने हिरवळीवर अख्खं घर खऱ्या मापात आखलं आणि व्हिडिओ कॉल लावला. अण्णा म्हणाले, "आता पलंगावरून ऊठ आणि मोरीपर्यंत चालून दाखव." नवरा चालला. अकरा पावलं आणि दोन वळणं. "रात्री अंधारात जमेल का मला?" एवढंच त्यांनी विचारलं. पंधरा मिनिटांत त्या दोघांनी जे दाखवून दिलं, ते आम्ही आणि डिझायनर मिळून सहा महिन्यांत पाहू शकलो नव्हतो.

दुसरी बेडरूम गेली. तिची निम्मी जागा बाथरूमला दिली. टब काढून बिनउंबऱ्याची न्हाणी केली, जमिनीलाच उतार देऊन, बसायला रुंद कट्टा आणि हाताशी धरता येणारा शॉवर. भिंत उघडी होती तेव्हाच आतून जाड प्लायवुड ठोकून घेतलं, म्हणजे आधाराच्या दांड्या कुठेही घट्ट बसतात. नुसत्या ड्रायवॉलवर बसवलेली दांडी माणसाचं वजन पेलत नाही. दारं ३६ इंची केली, उद्या चाकाची खुर्ची आली तर अडू नये म्हणून. चुलीवरच्या पंख्याचा धूर नळीतून थेट बाहेर काढला. आणि दार कुंपणाकडून काढून बाजूच्या वाटेकडे वळवलं, जिथून रस्ता दिसतो. दारापुढे आतल्या जमिनीच्या पातळीवर सहा फूट रुंद ओटा केला, तिथवर यायला पायऱ्यांऐवजी उताराची वाट. उताराचं साधं माप आहे, एक इंच चढायला एक फूट लांबी. आमच्या दोन पायऱ्यांचे चौदा इंच होते, म्हणून चौदा फूट. दोन्ही बाजूंना कठडा. हे सगळं आधी केलं असतं तर त्याचा वेगळा खर्च जवळपास आलाच नसता. मागाहून करताना साठ हजार डॉलर गेले.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं की १ जानेवारी २०२५ पासून राज्यातल्या प्रत्येक शहराला आधीच मंजूर झालेल्या एडीयू नकाशांची सोय ठेवणं बंधनकारक झालं आहे. सॅन होजेत ती आधीपासून आहे. यादीतला नकाशा उचलला की वेळ वाचतो, डिझायनरचे पैसेही बरेच वाचतात. सोय चांगलीच आहे आणि तिच्यामुळे आणखी पुष्कळ घरं उभी राहतील. पण मंजूर म्हणजे नियमाला मंजूर. तुमच्या वडिलांच्या गुडघ्याला ते मंजूर आहे का, हे शहर तपासत नाही. यादीतला नकाशा घ्यायचाच असेल तर त्याचीही आधी जमिनीवर फक्की मारा.

आणखी काही गोष्टी आहेत. मला त्या कुणी सांगितल्या नव्हत्या, म्हणून स्पष्ट लिहिते.

घर बारा महिन्यांचं असतं, व्हिसा सहा महिन्यांचा. व्हिसावर दहा वर्षांची तारीख असली, तरी एका खेपेला किती राहता येईल हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर येते. बहुतेकांना सहा महिने मिळतात. ग्रीन कार्डचा मार्ग आहे. मूल अमेरिकन नागरिक आणि किमान एकवीस वर्षांचं असेल तर आई-वडिलांसाठी वर्षानुवर्षांची रांग नसते. पण ग्रीन कार्ड घेतलं की लांब मुदतीसाठी गावी राहता येत नाही. सहा महिन्यांवर बाहेर राहिलं की प्रश्न विचारले जाऊ शकतात, वर्षावर गेलं की कार्डच धोक्यात येतं. आणि मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, विकत घ्यायचं म्हटलं तरी पासष्टच्या वयाखेरीज इथे कायदेशीर कायम वास्तव्याची सलग पाच वर्षं भरावी लागतात. तोवर दुखणं आलं तर काय, याचं उत्तर बांधकामाच्या अंदाजपत्रकात नसतं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आता तो ऑनलाइनही देता येतो, पण त्यांना स्वतः बँकेत जाऊन द्यायला आवडतं. तिथे त्यांचे विद्यार्थी भेटतात. त्यांना ग्रीन कार्ड नको आहे. हे आम्ही त्यांना पहिल्यांदा विचारलं ते घर बांधून झाल्यावर. आधी विचारलं असतं, तर वर्षातले पाच-सहा महिने राहणाऱ्या दोन माणसांचं घर आखलं असतं.

तसं असेल तर सुटं घर बांधण्याआधी मूळ घरातच पाहा. ज्युनिअर एडीयू नावाचा प्रकार आहे. आहे त्याच भिंतींच्या आत ५०० चौरस फुटांपर्यंत, स्वतंत्र दार, छोटं स्वयंपाकघर, बाथरूम हवं तर घराबरोबर सामायिक. खालच्या मजल्यावर बेडरूम असेल तर अनेकांचं काम एवढ्यात भागेल. लांब नळ खणावा लागत नाही, नवा पाया घालावा लागत नाही. दार रस्त्याच्या बाजूला असतं, आणि रात्री खोकला ऐकू येतो.

आता पैशांचं. तुम्ही घर बांधताय म्हटल्यावर आई-वडील म्हणतील, आमचा पुण्याचा फ्लॅट विकतो, तेवढेच तुला. अण्णाही सांगलीच्या घराबद्दल म्हणाले होते. हात जोडून सांगते, घेऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवता येतात, म्हणजे रस्ता मोकळा आहे. पण इथलं घर तुमच्या नावावर असतं. त्यात त्यांचं नाव मालक म्हणून नसतं, भाडेकरू म्हणूनही नसतं. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने कोथरूडचा फ्लॅट विकून मुलाला पैसे दिले. दोन वर्षांनी मुलाची नोकरी गेली, दुसऱ्या राज्यात मिळाली, घर विकावं लागलं. मुलगा वाईट नव्हता. पण त्या दोघांना परत जायला जागा उरली नव्हती. आज ते एका भाच्याकडे राहतात, आणि दोन्ही देशांत त्यांचं स्वतःचं असं दार नाही. ज्या माणसाला परतीचा रस्ता आहे, तोच मुलाच्या परसात मोकळेपणाने राहू शकतो. नाही तर प्रत्येक चहा उपकाराचा होतो.

ठेकेदाराला आगाऊ पैसे देण्याबाबत या राज्यात स्पष्ट कायदा आहे, तरी आपल्यातले शिकलेसवरलेले लोक फसतात. घराच्या कामाच्या करारात ठेकेदाराला आगाऊ घेता येतात फक्त एकूण रकमेच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल ती. एडीयूच्या बाबतीत ती १,००० डॉलरच असते. याला थोडे अपवाद आहेत, पण तसं कुणी सांगितलं तर आधी राज्याच्या ठेकेदार परवाना मंडळाकडे त्याच्या परवान्याची चौकशी करा. मग पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या कामापुरते द्या. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने 'जागा राखून ठेवायला' म्हणून सुरुवातीलाच साठ हजार डॉलर दिले. खड्डा खणून झाला आणि कंपनी बंद पडली. पुढचा धक्का त्याहून मोठा होता : ज्या काँक्रीटवाल्याला त्या कंपनीने पैसे दिले नव्हते, त्याने यांच्या घरावर बोजा चढवला. इथे कायद्याने त्याला तो अधिकार आहे. म्हणून प्रत्येक हप्त्याबरोबर ठेकेदाराकडून आणि त्याच्या हाताखालच्या प्रत्येकाकडून पैसे पोचल्याची लेखी फारकत घेत चला. ओळखीचा आहे, देशी आहे, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला येतो, ही काही फारकत नव्हे.

आणि भाड्याचं. आई-बाबा नसतील तेव्हा थोड्या-थोड्या दिवसांसाठी देऊ, असा बेत अनेक जण सांगतात. बऱ्याच शहरांत एडीयू ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने देता येत नाही. आणि जास्त मुदतीचा भाडेकरू आला, की आई-बाबांनी तिकीट काढलं म्हणून त्याला उठवायचं, हे माणूस म्हणून तरी शोभतं का? २०२४ मध्ये सॅन होजेने एडीयू काँडोसारखा, म्हणजे फ्लॅटसारखा, स्वतंत्र विकायलाही मुभा दिली. ज्यांना विकायचा आहे त्यांनी विकण्यासाठी बांधावा, ज्यांना भाड्याने द्यायचा आहे त्यांनी भाड्यासाठी. दोन्हींची या भागात नितांत गरज आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की एकाच नकाशाला तिन्ही कामं सांगू नका. मग तो कुणाच्याच उपयोगाचा होत नाही, आणि गप्प बसतात ती म्हातारी माणसं.

एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. हे कायदे आपल्या आई-वडिलांसाठी झालेले नाहीत. इथे शिक्षिकेला, नर्सला, बसचालकाला घर परवडत नाही, म्हणून ते झाले. आपण त्यांचा फायदा घेतला. त्यानंतर कोपऱ्यावर चार मजली इमारत येणार म्हटल्यावर विरोधाच्या अर्जावर आपल्याच आडनावांच्या सह्या मी पाहिल्या आहेत. कारण तेच, वर्दळ वाढेल, पार्किंग मिळणार नाही. आपल्या परसातल्या घराला शेजाऱ्याने नेमकं हेच म्हटलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं, याचा विचार सही करण्याआधी करावा. आणि कायद्याने शेजाऱ्याला विचारायची गरज नसली, तरी नकाशा घेऊन त्याच्या दारी जा. आम्ही गेलो नाही. आमच्या पहिल्या नकाशातली एक खिडकी त्यांच्या मुलीच्या खोलीसमोर होती. दुरुस्तीच्या वेळी गेलो, खिडकी दोन फूट सरकवली आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या घरात चहा प्यायलो.

२०२४च्या एप्रिलमध्ये आई-अण्णा पुन्हा आले. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. भाकरीला जाळ अजून नाही. ती फुगवायला आई आमच्याकडे येते. अण्णांना दुपारी सांगलीची आठवण येते, तेव्हा ते कुणाशी बोलत नाहीत. पण सकाळी ते एकटे उताराच्या वाटेने ओट्यावरून खाली येतात आणि टपालपेटीपर्यंत जाऊन परत येतात. आई ओट्यावर भाजी निवडते. पलीकडच्या गल्लीतल्या एक व्हिएतनामी आजी फिरायला निघाल्या की थांबतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. एकदा आजींनी त्यांच्या बागेतली गवती चहाची जुडी आणून दिली. त्या ती कालवणात घालतात म्हणे. आईने चहात घातली आणि कप त्यांच्या हातात दिला. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत दर दोन दिवसांनी एक जुडी ओट्यावर असायची. या खेपेला आय-९४ वरच्या तारखेच्या चारच दिवस आधी ते परत गेले.

येत्या एप्रिलमध्ये ते पुन्हा येत आहेत. ज्यांचा परसात घर बांधायचा विचार चालू आहे, त्यांनी तोवर नकाशावर सही करू नये, एवढी विनंती. शनिवारी सकाळी आमच्याकडे या, मापाचा टेप घेऊन या. न्हाणीत उभे राहा, उताराच्या वाटेवरून चालून बघा, आणि माझ्यापेक्षा आईला विचारा. तिकडे तेव्हा रात्र असते, पण तुमचे आई-बाबा जागे असतील तर त्यांना व्हिडिओवर घ्या. आई ओट्यावरच असेल, तिला त्यांच्याशी बोलायला आवडेल.

आपली,
सॅन होजेतली एक घरमालकीण
जानेवारी २०२५